फुटाण्यांची पुडी घेऊन रामटेकला

शुक्रवार, नागपूर

विदर्भ एक्सप्रेस नाशिकरोडहून रात्री पकडली आणि सकाळी नागपूरला उतरलो. मी, माझी आई आणि माझी नऊ वर्षांची लेक. आईचं वय अडुसष्ट. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आली. तेव्हापासून आईचं "एकदा रामटेक पाहायचं आहे" हे चालू होतं. अखेर या डिसेंबरात जमलं. अधिवेशनाचे दिवस असल्यानं गावात गाड्यांची आणि पोलिसांची गर्दी होती, पण आम्हाला राहायला मावशीचं घर होतं, त्यामुळे काही अडलं नाही.

घरी पोचलो तर काका तर्री पोह्यांचा डबा घेऊन दारातच उभे. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा, शेव, लिंबू. लेकीनं पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी प्लेट मागितली. दुपारी मावशीनं सांबारवडी केली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे माहीत असूनही दर वेळी माझ्या कानाला तो शब्द नवा लागतो. खसखस, खोबरं, चारोळी घातलेलं कोथिंबिरीचं सारण, वरून पातळ पारी, आणि सोबत चिंचेचं पाणी. अंगणात संत्र्यांची टोपली ठेवलेली, येता-जाता प्रत्येकानं एक सोलायचं. बाकी दिवस उन्हात बसून गप्पांतच गेला. नागपूरचं ऊन डिसेंबरात इतकं गोड असतं की मे महिन्यातलं नागपूर ते हेच, यावर विश्वास बसत नाही.

संध्याकाळी आईनं पिशवीतून नाशिकच्या भद्रकालीतून आणलेल्या फुटाण्यांची किलोभराची पुडी काढली. उद्या शनिवार, मारुतीचा वार. मारुतीचं जन्मस्थान मानलेल्या अंजनेरीला गेली की ती माकडांना फुटाणे घालते, माझ्या लहानपणापासून घालत आली आहे. रामटेकला तर खुद्द रामाचा गड, तिथली वानरं म्हणजे तिच्यासाठी मारुतीची सेनाच.

मावशी म्हणाली, "ताई, गडावर हातात काही नेऊ नको बाप्पा. तिथले वांदर आता पहिल्यासारखे नाही राहिले."

आई म्हणाली, "चार दाणे टाकल्यानं काय होतंय?"

मी तेव्हाच मध्ये बोलायला हवं होतं. बोलले नाही. आईच्या श्रद्धेला हात लावायला नको वाटलं.

शनिवार, रामटेक

नागपूर ते रामटेक साधारण ५० किलोमीटर. भाड्याची गाडी केली होती. कामठी, कन्हानचा पूल, मग जबलपूरच्या महामार्गानं मनसर आणि तिथून उजवीकडे रामटेक. धुकं इतकं दाट होतं की गड जवळ येईपर्यंत दिसलाच नाही. मग एका वळणावर धुक्याच्या वर नुसते कळस तरंगताना दिसले. आईनं गाडीतूनच हात जोडले.

गाडी वरपर्यंत जाते. पायी यायचं असेल तर खाली अंबाळा तलावाकडून पायऱ्या आहेत. आम्ही आईच्या गुडघ्यांचा विचार करून गाडीनं गेलो. वर उतरल्यावर पहिलीच गाठ पडली ती हारफुलांच्या दुकानातल्या बाईंशी. पन्नाशीच्या, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या, बाजूला एक बांबूची काठी टेकवलेली. आमच्याकडे नारळ-हार देता देता म्हणाल्या, "आजी, पिशवी पदराखाली घ्या जी. चश्मा सांभाळा. काही दिसलं हातात की थे येतेच."

आत शिरल्यावर आधी वराहाची मूर्ती लागते. एकाच दगडातला अवाढव्य वराह, वाकाटकांच्या काळातला. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पलीकडे जातो तो निष्पाप, अशी लोकांची समजूत. लेक सुळकन गेली. आईनं नुसता हात लावून नमस्कार केला. वराहाच्या पाठीवर, ऊन येईल तसं, पाच-सहा वानरं ओळीनं बसली होती. काळी तोंडं, राखाडी अंग, आणि खाली लोंबणाऱ्या लांबच लांब शेपट्या. लेकीला वाटलं शेपटी ओढावी. तिचा हात मी वेळीच धरला.

तिथून एकेक दरवाजा ओलांडत वर जायचं. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात गडाची डागडुजी केली, तटबंदी अजून शाबूत आहे. आधी लक्ष्मणाचं देऊळ आणि त्यामागे राम-सीतेचं. धाकट्या भावाला ओलांडल्याशिवाय थोरल्याकडे जाता येत नाही, हे मला फार आवडलं. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. तटावर उभं राहून खाली धुकं विरघळताना पाहिलं की ते पटायला वेळ लागत नाही. खाली तळी, शेतं, पलीकडे खिंडसीचं पाणी.

आणि सगळीकडे वानरं. तटावर, कळसाच्या खालच्या पट्टीवर, पाण्याच्या टाकीवर. आमच्या पुढे एक कुटुंब चाललं होतं. त्यांच्या मुलाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट एका वानरानं इतक्या सफाईनं काढून घेतलं की मुलाला रडायचंही सुचलं नाही. मी दहा फुटांवर होते, म्हणून नीट पाहता आलं. त्यानं पाकिटाचा कोपरा दातानं फाडला, पाकीट उलटं धरून सगळं फरशीवर ओतलं, आणि बसून एकेक उचलून खाल्लं. लाल तोंडाच्या माकडांच्या गालात पिशव्या असतात, ती तोबरा भरून पळून जातात. या काळ्या तोंडाच्या वानरांना त्या नसतात, म्हणून ती जिथल्या तिथे बसून खातात. वेफर्स संपल्यावर त्यानं पाकीट उलगडून आतलं मीठ चाटलं. मग बोट घालून कोपऱ्यातलंही काढलं. लोक मोबाइल काढून हसत होते.

दर्शन छान झालं. आई इतकी भरून आली होती की बाहेर येऊन पायरीवर बसलीच. मग तिनं पिशवीतून पुडी काढली.

सुरुवात खरोखर सुंदर झाली. पोटाशी पिल्लू बिलगलेली एक मादी आली. पिल्लू अगदी कोवळं, अंग काळपट आणि तोंड गुलाबीसर. मादीनं आईच्या तळहातावरचा एकेक फुटाणा दोन बोटांनी उचलला. आईच्या हाताला तिची बोटं लागत होती, आणि आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही दिसतं. मग दुसरी आली. मग चार, मग आठ. आईनं घाईनं मूठ रिकामी केली, पुडी पिशवीत टाकली आणि पिशवी पोटाशी धरली.

तेवढ्यात तटावरून एका तरण्या नरानं उडी टाकली ती थेट तिच्या मांडीजवळ. पिशवीचा बंद त्यानं पकडला. आईनं, कुणीही करेल तसं, पिशवी आपल्याकडे ओढली. त्यानं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि ओठ मागे घेऊन सुळे दाखवले. मी ओरडत धावले आणि ओढणी फिरवली. त्यानं सगळंच बिघडलं, कारण बाकीचीही खेकसायला लागली. लेक किंचाळत होती. खालून हारवाल्या बाई काठी फरशीवर आपटत आल्या. वानराला त्यांनी मारलं नाही, नुसती काठी आपटली आणि ओरडल्या, "सोडा! आजी, पिशवी सोडा!"

आईनं पिशवी सोडली. क्षणात तो तटावर. तिथे त्यानं पिशवी उपडी केली. तुळशीची माळ, औषधाची डबी, चष्म्याचं घर, रुमाल, सगळं खाली आलं. चष्म्याचं घर त्यानं चावून पाहिलं आणि टाकून दिलं. फुटाणे मात्र शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

आईच्या मनगटावर तीन ओरखडे होते. दोन नुसते लाल. तिसऱ्यात रक्ताचे बारीक थेंब ओळीनं उभे राहिले होते.

भोवती माणसं जमली आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. कुणी हळद आणली. कुणी चुना लावा म्हणालं. एक गृहस्थ म्हणाले, "मारुतीनं स्पर्श केला, काही होत नाही." आईनंही मान डोलावली. मी मात्र या वेळी गप्प बसले नाही. आमच्या शेजारच्या मुलाला कुत्रं चावलं होतं तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मला पाठ होतं. हारवाल्या बाईंच्या दुकानातून साबणाची वडी घेतली, नळाखाली आईचा हात धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतला. पंधरा मिनिटं फार मोठी असतात. पाणी बर्फासारखं होतं, आई थरथरत होती, पाच मिनिटांतच "पुरे गं" म्हणायला लागली. पण रेबीजचा विषाणू जखमेतच मारायचा तर साबण आणि वाहतं पाणी यांच्याइतकं जवळचं साधन नाही. हळद, चुना, तिखट यांनी जखम चरचरते, आतला विषाणू मात्र तसाच राहतो.

खाली गावात सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "रक्त आलंय ना? मग ही तिसऱ्या श्रेणीतली जखम. लस पण लागेल आणि जखमेत सीरमही." लस लगेच दिली. दोन्ही दंडांवर, कातडीत, अगदी थोडी थोडी. कार्डावर तारखांसारखे आकडे लिहून दिले: ०, ३, ७, २८. आज शून्यावा दिवस. सीरमसाठी नागपूरला पाठवलं, तेही आजच्या आज घ्या असं बजावून. लसीला शरीरात ताकद तयार करायला काही दिवस लागतात, तोवर जखमेपाशी पहारा देतं ते हे सीरम. संध्याकाळी नागपूरच्या दवाखान्यात जखमेभोवती ते टोचलं, तेव्हा आईनं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्याच मनगटावर वळ उठले.

रामटेकच काय, जिथे वानरं आहेत अशा कुठल्याही ठिकाणी जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खाण्याची पिशवी गाडीत ठेवा, नारळ-प्रसाद घेतलाच तर तो आत, दिसणार नाही असा. प्लास्टिकची पिशवी खुळखुळली की त्यांना खाणंच ऐकू येतं, त्यामुळे कापडी, तीही चेन लावलेली. चष्मा, मोबाइल, गळ्यातली पर्स जपून. त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि दात दाखवून हसू नका, त्यांच्या भाषेत दोन्ही धमक्याच आहेत. तो तोंड वासून जांभई देतोय असं वाटलं तर ती जांभई नसेल, सुळे दाखवणं असेल, दोन पावलं मागे या. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीच उभं राहू नका. हात रिकामे असतील तर तळवे उघडे करून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं ती वळून जातात. पळू नका. आणि काही पकडलंच त्यानं, तर सोडून द्या. आईला तो ओरखडा पिशवी ओढल्यानं बसला. दोनशे रुपयांची पिशवी होती.

रात्री मावशीनं मुगाची खिचडी केली. "मी म्हटलं होतं" हे तिनं एकदाही म्हटलं नाही.

रविवार, सिल्लारी

पेंचची सफारी आणि सिल्लारीतला मुक्काम दोन महिन्यांपूर्वी ठरवून ठेवला होता. मी रद्द करायला निघाले होते. डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले ताप नसेल तर खुशाल जा, हात कोरडा ठेवा. आई तर सकाळीच साडी नेसून तयार होती.

नागपूरहून सिल्लारी सुमारे ७० किलोमीटर. मनसर सोडलं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना साग लागतो. पुढे याच रस्त्यावर जनावरांसाठी पुलांखालून मोकळी वाट ठेवली आहे. वर ट्रक धावतात आणि खालून वाघ, चितळ, रानडुकरं पार होतात. लेकीनं काचेला नाक लावून प्रत्येक पुलाखाली वाघ शोधला. पवनीहून डावीकडे वळलो.

सफारीचं आरक्षण ऑनलाइन होतं. ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच सोबत हवं. गेटची साप्ताहिक सुटी आरक्षणाच्या वेळीच पाहून घ्या. आणि दुपारची फेरी असली तरी स्वेटर, कानटोपी, शाल न्या, सूर्य कलला की उघड्या जिप्सीत हाडं गोठतात. आत खाणं काढायचं नाही, खाली उतरायचं नाही, कागदाचा कपटाही टाकायचा नाही. गाईड जवळच्याच गावचा तरुण होता. आईच्या हाताची पट्टी पाहून त्यानं विचारलं, आणि आईनं सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आजी, आमचे वांदर पाहा आता. हेच आहे जात, पण वेगळे आहे."

तासाभरानं एका उतारावर कहांडळाचं झाड दिसलं. पांढरंशुभ्र खोड, अंगावर एक पान नाही. लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्या फांद्यांवर वानरांची टोळी ऊन खात बसलेली. जिप्सी थांबली तशी टोळी फांदीभर वर सरकली. आमच्याकडे कुणी आलं नाही, कुणी हात पसरला नाही. त्यांच्यालेखी आम्ही नुसते काही तरी हलणारे होतो. शेजारच्या बोरीवर दोन-तीन वानरं फळं तोडत होती. अर्धं खायचं, अर्धं टाकायचं. खाली पाच-सात चितळं मान वर करून त्या पडणाऱ्या बोरांची आणि पानांची वाट पाहत होती. दोन-तीन वानरांच्या सांडलवंडीवर एवढी चितळं जेवत होती.

गाईड हळू आवाजात सांगत होता. वानराचं पोट पानं पचवायला घडलेलं असतं. त्यात कप्पे असतात आणि तिथले जिवाणू पानं आंबवून पचवतात, गाईगुरांसारखं. म्हणून ती दिवसाचा बराच वेळ नुसती बसून असतात. त्या पोटात बिस्किटं, मैदा, साखर गेली की सगळंच नासतं. आई ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "आणि फुटाणे?"

"फुटाणे काय आजी, एक-दोन दाण्यांनी काही होत नाही," तो म्हणाला. "पण दाणा हातातून भेटला ना, की झाडावर जायचं कारण संपते त्याचं."

आई यावर काही बोलली नाही.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाला असलेला मोठा नर, हुप्प्या, एकदम ताठ झाला आणि खाकरला. खॅक्. मग पुन्हा. सगळी टोळी एका क्षणात खालच्या घाणेरीच्या झुडपांकडे पाहू लागली. चितळं शेपट्या उंचावून गोठली. गाईडनं तोंडावर बोट ठेवलं. "चितळ कधी वाऱ्यालाही घाबरून बोलते. वांदर वरून पाहते, त्याचा कॉल आला म्हणजे खाली काही तरी हाय." आम्ही दहा मिनिटं श्वास रोखून बसलो. झुडपात काही हललं असावं किंवा नसावं. बहुधा बिबट्या, असं गाईड म्हणाला. बाहेर कुणी आलं नाही. हळूहळू खाकर विरली, चितळांनी माना खाली घातल्या.

वाघ दिसला नाही. रस्त्याच्या मऊ मातीत सकाळचे पंजे तेवढे दिसले. परतताना लेक थोडी हिरमुसली होती, पण आई मात्र वेगळ्याच विचारात होती. गेटजवळ येता येता म्हणाली, "सेना म्हणतात ती ही. पहारा देणारी."

रात्री जेवणानंतर बाहेर आलो तर आकाश. पेंचचं हे जंगल भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, २०२४ साली तसा दर्जा मिळाला, म्हणून इथे रात्रीचे दिवे मुद्दाम कमी आणि झाकलेले. नाशिकच्या गच्चीवरून आम्हाला मोजके तारे दिसतात. इथे मृग नक्षत्र इतकं ठळक होतं की लेकीनं व्याधाचा बाण स्वतःच शोधला. थंडीनं दात वाजत होते तरी कुणाला आत जावंसं वाटेना.

सोमवार, पुन्हा रामटेक

सकाळी परत निघालो. मनसरला वाकाटककालीन उत्खननाची विटांची टेकडी पाहिली. पाटी वाचून आणि लेकीला दोन राजांची नावं सांगून आम्ही पुढे गेलो, ऊन चढायच्या आत.

आईनं मग गाडी रामटेककडे घ्यायला सांगितली. मला आवडलं नाही, लेक तर रडकुंडीला आली. आई म्हणाली, "परवा मी भिऊन खाली उतरले. देवाकडे पाठ करून आले. आज सरळ जाऊन येते." पिशवी गाडीत ठेवली. चष्मा घरात घालून तो ब्लाउजमध्ये खोचला. हात रिकामे.

सोमवार असल्यानं गर्दी कमी होती. त्याच तटावर तीच वानरं होती. एकानं आमच्याकडे पाहिलं, जवळ आला. आईनं दोन्ही तळवे उघडून त्याच्यासमोर धरले. तिचे हात थरथरत होते, पण तिनं मागे घेतले नाहीत. त्यानं हातांकडे पाहिलं आणि पलीकडे निघून गेला. लेकीनंही मग आपले इवलेसे तळवे पुढे केले आणि दर्शन होईपर्यंत तसेच धरून ठेवले.

उतरताना हारवाल्या बाईंकडे थांबलो. आईनं त्यांचे हात हातात घेतले. चहा आला. मी पाहिलं, त्यांच्या दुकानात हारांच्या मागे चण्या-फुटाण्यांच्या दहा-दहा रुपयांच्या पुड्या लटकत होत्या. परवा घाईत दिसल्या नव्हत्या. माझं तिकडे लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं.

"विकते जी मी," त्या म्हणाल्या. "लोक मागते वांदरासाठी. मी नाही ठेवलं तर बाजूचा ठेवते. शनिवार-मंगळवारी त्याच्यावरच घर चालते माझं."

मग त्या स्वतःहूनच बोलू लागल्या. कोरोनात देवळं बंद झाली तेव्हा पहिले कित्येक दिवस वानरं त्यांच्या बंद दुकानाच्या पत्र्यावर येऊन बसायची. वाट पाहायची. मग काही गावात उतरली, घरांची कौलं फोडली, शेतातला हरभरा खाल्ला. पण बरीचशी गडाच्या उतारावरच्या झाडीत गेली. "तवा त्यायच्या अंगावर चमक आली होती. पोट सपाट झाले होते. पोट्टे झाडावर खेळत होते. असे वांदर मी लहानपणी पाहिले होते." २०२१ च्या नवरात्रात देवळं पुन्हा उघडली. लोक आले, पुड्या आल्या. "महिन्याभरात सगळे परत पायरीवर," बाई म्हणाल्या.

त्यांना काय बोलणार होते मी? त्यांची रोजी आहे. त्यांनीच माझ्या आईला वाचवलं. पण त्या पुड्या विकत घेणारे आम्हीच आहोत, आम्ही घ्यायचं थांबवलं तर त्या दुसरं काही विकतील. गडावर पाण्याची बाटली, टोपी, कालिदासाच्या गावाचं छायाचित्र, रामटेकचं कपुरी पान, काय विकलं जाणार नाही? मी त्यांच्याकडून शंभर रुपयांची विड्याची पानं घेतली. देवस्थानानं आणि नगरपालिकेनं गडाच्या दारातच खाणं ठेवायला कुलुपाचे खण केले, कचऱ्याचे डबे झाकणांचे केले आणि या बायांना खाणं सोडून विकायला काही मिळवून दिलं, तर वानरं पुन्हा उतारावर जातील असं मला मनापासून वाटतं. ती जाऊ शकतात हे त्या बाईंनी पाहिलेलं आहे.

आईनं विचारलं, "परवाचा तो, ज्यानं ओरबाडलं, त्याला कुणी मारलं तर नाही ना?"

"नाही जी. पण त्याच्यामागं पोट्टे गलोल घेऊन लागतेच. ओळखून ठेवते ना लोक."

आईचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यावर बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. कन्हानचा पूल आल्यावर म्हणाली, "दाणे मी टाकले आणि दगड त्यानं खायचे."

मंगळवार, नागपूर

सकाळी दीक्षाभूमीवर गेलो. स्तूपाच्या आतल्या गारव्यात आई शांतपणे बसून राहिली. तिथून दुसऱ्या डोससाठी दवाखान्यात. रांग होती, बहुतेक सगळे कुत्रा चावलेले. एक शाळकरी मुलगा आईच्या शेजारी बसला होता, त्यानं तिची पट्टी पाहून विचारलं, "आजी, तुम्हाला पण कुत्र्यानं?" आई म्हणाली, "नाही रे बाळा, वानरानं. पण चूक माझी होती." आणि मग त्याला टोळीची, कहांडळाची, खाकरण्याची सगळी गोष्ट सांगितली. त्याचा नंबर आला तरी तो उठेना.

नर्सबाईंनी कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या आणि म्हणाल्या, चुकवू नका. दुसऱ्या गावी घेतली तरी चालते, हे कार्ड दाखवायचं. ओरखडा बरा झाला म्हणून मधला डोस सोडून देणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी ही ओळ मुद्दाम लिहिते आहे. आईनं कार्ड हातात घेऊन वार मोजले. सातवा दिवस शनिवार. अठ्ठाविसावा दिवसही शनिवार.

संध्याकाळी गाडी होती. मावशीनं पुडाची वडी, संत्र्याची बर्फी आणि पेटीभर संत्री दिली. स्टेशनवर दोघी बहिणी एकमेकींना सोडेनात. गाडी सुटल्यावर, वर्धा यायच्या सुमारास, आई चष्मा काढायला घर शोधू लागली. घराच्या झाकणावर सुळ्याची एक खोल खूण उमटली होती. लेकीनं त्यात बोट घालून पाहिलं. आई म्हणाली, "हे घर बदलायचं नाही," आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.